नीलम्मांचे आजारपण

माजलगावच्या मोंढ्यात गुरुपादअप्पांचे किराणा दुकान होते. मुलगा मृत्युंजय मस्कतला समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या कारखान्यात लागल्यापासून अप्पांची एकच तक्रार असे. आपला सण आला की मुलगा कामावर, आणि त्याला सुट्टी मिळते तेव्हा इथे काहीच नसते. त्यात ही सून रुद्राणीची पहिली संक्रांत. हलव्याचे दागिने तयार होते, सोयऱ्यांना निरोप गेले होते, आणि मृत्युंजयने फोनवर सांगितले की तिकडे संक्रांतीला सुट्टी नसते.

अप्पांनी मग एक युक्ती केली. नोकरदारांच्या घरी ती काही नवी नाही. एसटीडी बूथवरून त्यांनी थेट कारखान्यात फोन लावला. तो मृत्युंजयचे वरिष्ठ युसूफभाई यांनी उचलला. निजामाच्या काळात शाळेत शिकलेली अप्पांची उर्दू अजून गोड होती. त्या गोड उर्दूत त्यांनी सांगितले, की मृत्युंजयची आई आज-उद्याची सोबती आहे.

मृत्युंजय घरी पोचला तेव्हा नीलम्मा अंगणात तीळ पाखडत होत्या. पिशवी दारातच टाकून तो आईला बिलगून रडला.

"आरं, मला काय झालंय? मी चांगली हाय की."

"बघ, आलास का न्हाई!" अप्पा हसत म्हणाले.

मृत्युंजय हसला नाही. त्याने सांगितले, की यंदा ईद संक्रांतीनंतर चार-पाच दिवसांनीच आहे आणि कारखान्यात दोघांपैकी एकाला थांबावेच लागते. ईदला आपण कामावर थांबू, असे त्याने युसूफभाईंना कबूल केले होते, म्हणजे त्यांना गावी म्हाताऱ्या आईकडे जाता येणार होते. मागच्या ईदलाही त्यांना जाता आले नव्हते. आता त्याच्या जागी तेच थांबणार होते. वर त्याला विमानतळावर सोडायलाही तेच आले होते.

"आपली संक्रांत वर्साची एकदाच येती," अप्पा पुटपुटले.

"मंग त्यांची ईद काय आठवडी बाजार हाय?" नीलम्मांनी सूप खाली ठेवले. "मला न इचारता जित्तेपणी मारलं, ते जाऊ द्या. पर ती माय बी माझ्यावानीच दाराकडं बघत बसली आसंल. तुमी तिचा लेक आडवलाय."

अप्पांची मान खाली गेली. ईदच्या आदल्या दिवशी आपल्याच दुकानात शेवया-खारकांसाठी किती झुंबड उडते, हे त्यांना काय ठाऊक नव्हते?

ते पुन्हा बूथवर गेले. मागे माणसे उभी होती. खरे सांगताना तीच उर्दू अडखळू लागली.

"रोजा सोडताना रोज तुमच्या बायकोसाठी दुआ मागितली, बाबाजी," युसूफभाई म्हणाले. "माझी दुआ खोटी नव्हती."

फोन बंद झाला. रागावले असते तर बरे झाले असते, असे अप्पांना वाटले.

पुढे ईदपर्यंत विमाने भरलेली होती. जागा मिळाली ती संक्रांतीच्या आदल्या दिवसाची. मृत्युंजय गेला आणि युसूफभाई आपल्या गावी जाऊ शकले. इकडे रुद्राणीने नवऱ्याशिवायच हलव्याचे दागिने घातले. सोयरे कौतुक करत होते, पण अप्पांना सुनेकडे मान वर करून बघवले नाही.

वाचकहो, आपली मुले परदेशात राहतात ती तिथल्या सुट्ट्यांप्रमाणे. ते आपल्या मनाला जड जाते, माझ्याही जाते. पण आपला सण चुकला तर फक्त वाईट वाटते. आपल्या सणापायी दुसऱ्याचा सण बुडवला तर लाज वाटायला हवी. अप्पांना ती वाटली, म्हणून एका म्हातारीचा लेक ईदला घरी पोचला.