अडलेले आमेन

त्या घरात सायंप्रार्थनेचा एक नियम होता. प्रार्थना कोणीही करो, तिच्या अखेरीस घरातल्या प्रत्येकाने आपल्या तोंडाने 'आमेन' म्हणावयाचे, आणि शेवटचे आमेन उमटेपर्यंत कोणीही गुडघे भुईवरून उचलावयाचे नाहीत. नियम आजोबांनी घालून दिलेला. सारा जन्म दारे-खिडक्या घडविण्यात घालविलेल्या त्या वृद्धाचे म्हणणे असे, की देवापुढे ठेवायची मागणी चौकटीसारखी असते. एक सांधा जरी ढिला राहिला, तरी ती उभी करू नये. आता त्यांच्या स्वतःच्या गुडघ्यांनी संप पुकारला असल्यामुळे ते खुर्चीत बसून आमेन म्हणत, आणि ऐकू कमी येत असल्यामुळे बहुधा इतरांच्या आधीच म्हणून मोकळे होत.

त्या दिवशी प्रार्थना त्यांच्या मुलाने, म्हणजे सुताराने, केली. शेगडीवर सूप मंद उकळत होते. सुताराच्या एका बाजूस त्याची पत्नी गुडघे टेकून होती, दुसऱ्या बाजूस लेक. बोलणे धारदार आणि हात त्याहून नेमका, म्हणून आजोबांनी लाकूड कोरण्याच्या हत्यारावरून तिचे नावच पटाशी पाडले होते.

"हे स्वर्गीय पित्या," सुतार म्हणाला, "आमच्या लेकीला गोदीतून बोलावणं आलं आहे. होड्या बांधायला शिकायचं म्हणते. लांबचं गाव, परकी माणसं. तिचं जाणं तुझ्या इच्छेत नसेल, तर ती वाट तूच बंद कर. तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. प्रभू येशूच्या नावानं मागतो. आमेन."

आजोबांचे आमेन केव्हाच झाले होते. पटाशीने आपले उरकले. राहिले ते पत्नीचे. आणि ते येईना.

"अगं," सुतार डोळे न उघडता कुजबुजला, "आमेन."

"ऐकलं मी."

"मग म्हण की."

"नाही म्हणणार."

"झालं का?" आजोबांनी विचारले. "सूप वाढा."

"नाही झालं, मामंजी," पत्नीच म्हणाली. "तुमची सून अडली आहे."

"अडली? कुठं?"

"आमेनपाशी."

दारांना पॉलिश करण्याचे काम पत्नीचे. त्या दुपारी कारखान्यात भिंतीशी टेकविलेल्या एका भल्या दाराच्या मागे बसून ती लाखेत भिजविलेला बोळा फळीवर फिरवीत होती. त्या कामाला आवाज नसतो. पलीकडे सुतार फोनवर बोलत होता. त्याला वाटले, आपण एकटेच आहोत. गोदीतल्या मिस्त्रींना तो सांगत होता की मुलीचे मन बदलले आहे, ती येणार नाही. ते ऐकताच तिच्या अंतःकरणात प्रथम जे उमलले, तो आनंद होता. मग त्या आनंदाची तिला भीती वाटली.

"तुझे गुडघे दुखतात," सुतार आता डोळे उघडून म्हणाला. "कशाला उगाच हट्ट?"

"गुडघे माझे आहेत. हट्ट कोणाचा, ते ठरायचंय."

"देवाच्या इच्छेला आडवी येतेस?"

"देवाच्या इच्छेला? दुपारी मिस्त्रींना फोन देवानं केला होता का?"

पटाशीने मान वर केली. "कसला फोन?"

सुताराने पत्नीकडे पाहिले.

"तुम्ही सांगताय की मी सांगू?" पत्नी म्हणाली.

"सांगितलं मी त्यांना," तो भुईकडे पाहत म्हणाला. "तुझं मन बदललं म्हणून."

"माझं मन? बाबा, ते तुम्ही बदललंत, आणि मलाच पत्ता नाही?" ती उसळून उठू लागली.

"ए पटाशी, गुडघे खाली!" आजोबा गरजले. ऐकण्याजोगे असले की त्यांना सगळे ऐकू येई. "आमेन व्हायचंय अजून."

"मग काय करायला हवं होतं मी?" सुताराचा स्वर चढला. "आताशा हात थरथरतो माझा. रंधा सरळ चालत नाही. ही गेली तर कारखाना कोणाच्या जिवावर चालवू?"

"हे देवाला सांगा ना! त्याला सांगायचं सोडून मिस्त्रींना सांगितलंत. आपणच वाट बुजवायची, आणि वर त्याला म्हणायचं, बंद कर! उद्या ती बंद दिसली की म्हणणार, बघा, प्रभूची इच्छा. देव म्हणजे काय तुमचा गडी आहे?"

"तुला काय! तुला ती गेलेलीच हवी आहे."

हा घाव मात्र वर्मी लागला. पण तिने पतीकडे पाठ फिरविली नाही, डोळेही मिटले नाहीत. नुसते हात जोडले.

"पित्या, माझी इच्छा ऐक. पोर जाऊ नये. मला ती इथंच हवी आहे, ह्यांच्याहून जास्त हवी आहे. दुपारी ह्यांचं खोटं ऐकून मला हायसं वाटलं, तेही तू पाहिलंस. रागवायचं तर रागाव. पण माझी इच्छा तुझ्या नावावर खपवायला मी तयार नाही. वाट बंद करायची तर तू कर. आम्ही नाही."

प्रभू येशूनेही क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री बागेत आपल्या मनातले दुःख पित्यापासून झाकले नव्हते. आधी ते सांगितले, मग स्वतःस त्याच्या हाती दिले. ती माउली त्यातल्या पहिल्या पायरीवर उभी होती.

आणि तेव्हा त्या घरात आजवर न घडलेली गोष्ट घडली. आमेन होण्यापूर्वीच सुतार उठला. पलीकडच्या खोलीतून त्याचा आवाज आला : "मी सुतार बोलतोय. दुपारी मी खोटं बोललो. मुलीचं मन बदललेलं नाही... नाही, तिनं नाही, माझं मीच सांगितलं."

परत येऊन तो पुन्हा गुडघ्यांवर बसला.

"काय म्हणाले?" पटाशीने विचारले.

"तुझी जागा दुसऱ्या एकाला देऊ केली आहे. तो उद्या कळवणार. तो नाही म्हणाला, तर तू जायचंस."

आता त्या वाटेवर घरातल्या कोणाचाही हात उरला नव्हता.

"मागा आता," पत्नी म्हणाली.

"पित्या, मला ती इथं हवी आहे. तिला जायचं आहे. तू म्हणशील ते होवो." एवढेच तो बोलला.

पटाशीचे आमेन झाले, आजोबांचेही. पत्नीने मान ताठ केली आणि आव्हान स्वीकारावे तशा खणखणीत स्वरात म्हटले, "आमेन!" मग म्हणाली, "उठवा मला. गुडघे धरलेत."

बापलेकींनी दोन्ही बाजूंनी धरून तिला उभे केले. सूप आटून तळाला लागले होते.

"पण सूनबाई," आजोबा वाडगा पुढे करीत म्हणाले, "तो माणूस नाही म्हणाला, पोर गेली, तर?"

"तर रडेन, मामंजी. भांडेनसुद्धा देवाशी," करपलेला तळ खरवडीत ती म्हणाली. "पण तोंडावर भांडेन. तुमच्या लेकासारखी पाठीमागून फोन नाही करणार."