पायांच्या सहा जोड्या

समुद्रातल्या बारीकसारीक कवचवाल्या जीवांची वर्गवारी करणं, हा ताईचा पोटापाण्याचा उद्योग. तिळाएवढा प्राणी ग्लिसरीनच्या थेंबात उताणा पाडायचा, सुईने एकेक पाय सुटा करायचा आणि मग ठरवायचं, हा कुणाच्या कुळातला. तिच्या धाकट्या भावाला याचं भारी हसू यायचं. इंजिनं मीही खोलतो, पण माझी परत चालू होतात, असं तो चारचौघांत ऐकवायचा. तो बोटींचा मेकॅनिक. त्याचं वर्कशॉप समुद्रात रोवलेल्या लाकडी खांबांवर उभं होतं.

त्या दुपारी तिने लाकूड पोखरणाऱ्या जातीची एक मादी तपासायला घेतली. पोटाखालची पिशवी उघडली, तर आत पिल्लं दाटीवाटीने बसलेली. सवयीने तिने एकाचे पाय मोजले. सहा जोड्या. मोठ्यांना सात असतात, सातवी मागाहून फुटते. विद्यार्थ्यांकडून हे ती दरवर्षी घोकून घेते. आणि तरीही या वेळी तिने सुई खाली ठेवली.

मध्यंतरी भावाने खांबांवरची खरवड बाटलीत भरून पाठवली होती. त्याला समुद्राकडच्या टोकाला इंजिनं उचलायची जड यारी बसवायची होती. खांब पेलतील ना, एवढंच विचारायचं होतं. त्याला घाई, हिलाही घाई. तिने त्यातल्या जीवांचे पाय मोजले, सातऐवजी सहाच जोड्या भरल्या, आणि हे पोखरणारे नव्हेत असं सांगून मोकळी झाली. जबडा बघायचे कष्टही घेतले नाहीत. परक्याचं काम तिने डोळ्यांत तेल घालून केलं असतं. घरचं म्हणून उरकलं.

तिने ती बाटली शोधून काढली आणि एकाचा जबडा सुटा केला. एका बाजूला कानस, दुसऱ्या बाजूला किसणी; पोखरणाऱ्यांचाच जबडा. ही पिल्लं आईने कोरलेल्या बोगद्यातच जन्मतात. म्हणजे आया लाकडाच्या आत होत्या. तिला स्वतःचाच संताप आला.

भाऊ फोन उचलेना. ती तशीच निघाली.

तो वर्कशॉपच्या दारात, किनाऱ्याच्या बाजूला, इंजिन पुसत बसला होता. यारी टोकाला दिमाखात उभी. ताईने आपली चूक सरळ कबूल केली. त्याने शेजारच्या खांबावर पाना ठोकला.

"ठणठणीत आहे. तूच सांगितलंस ना?"

"चुकले मी. तू आधी इथून बाहेर हो."

"तू आणि तुझे किडे," म्हणत तो पुन्हा इंजिनाकडे वळला. तिने पहिल्यांदा सांगितलेल्यावर त्याचा इतका विश्वास होता, की आताचं त्याच्या कानात शिरेना.

ओहोटी लागली होती. पुरावाच दाखवावा म्हणून ती टोकाच्या शिडीने खाली उतरली. एरवी पाण्याखाली असणारा खांबांचा भाग उघडा पडला होता. वर धडधाकट असलेला खांब तिथे मनगटाएवढा उरला होता. तिने अंगठा दाबला. भिजल्या बिस्किटात जावा तसा तो मुळापर्यंत आत गेला. शेजारचा खांबही तसाच. यारी बरोबर तिच्या डोक्यावर होती.

काय ओरडायचं हे सुचायच्या आतच तोंडून हाक निघाली.

"छोट्या!"

लहानपणापासून तिची अशी हाक आली, की तो हातातलं टाकून धावायचा. वर पाना पडल्याचा आवाज झाला. मग फळ्यांवरून धावत येणारी पावलं, टोकाकडे, तिच्याकडे. तिने हाताखालचा खांब गच्च धरला, तेव्हा तो हलायला लागला होता.