कोरा ऑगस्ट

आमच्या विभावरीला मासे बाजारात साफ करून घेणं मान्य नाही. आखातातल्या रास अल खैमाच्या मासळीबाजारात मुनीर दोन मिनिटांत बांगडे साफ करून देतो. पण ही पिशवी तशीच घरी आणणार, ओट्यावर वर्तमानपत्र पसरणार आणि स्वतः पोट फाडून बघणार. सत्त्याण्णवच्या जानेवारीत, एरवी उन्हाळ्याच्या तोंडावर दिसणारी गाबोळी, म्हणजे माशाच्या पोटातली अंडी, तिला भर थंडीत दिसली, तेव्हापासून हे खूळ लागलं. दर शुक्रवारी वहीत तारीख, किती मासे, किती गाबोळीचे, लांबी किती. लांबीसाठी आमच्या अथर्वची शाळेतली पट्टी घेतली, ती त्याला परत मिळालीच नाही. मी सिमेंटच्या कारखान्यात इंजिनिअर. घरात मोजमापं करायची तर मी, असा माझा समज होता.

दोन वर्षं मी तिची यथेच्छ चेष्टा केली. मग वरच्या मजल्यावर विजयकुमार राहायला आला. खाडीतल्या माशांवर संशोधन करणारा माणूस. त्याला जेवायला बोलावलं आणि गंमत म्हणून वही दाखवली. त्याचा घास हातातच राहिला.

"भाभीजी, ये तो सोना है," तो म्हणाला. "पानी गरम हो रहा है, मछली जल्दी अंडे दे रही है, सब इसमें है. आपका नाम रिपोर्ट में आएगा." पानं उलटताना तो थबकला. "और ये देखिए, दोनों साल अगस्त लगभग खाली. मतलब गर्मी में मछली यहाँ से चली जाती है."

विभावरीचा चेहरा उतरला. गप्प राहिली असती तर नाव छापून येणार होतं, आणि ते तिला हवं होतं, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"मछली कहीं नहीं गई थी," ती म्हणाली. "हमारा श्रावण था. उस महीने हम मछली घर में नहीं लाते."

विजयकुमारनं वही मिटली. सगळ्यात तापलेला महिनाच नसेल तर या नोंदी रिपोर्टात घेता येणार नाहीत, असं तो अवघडून म्हणाला. पुढच्या ऑगस्टचं त्यानं विचारलंच नाही. भला माणूस.

त्या वर्षी श्रावणातल्या पहिल्याच शुक्रवारी सकाळी ती पिशवी घेऊन निघाली. बावीस वर्षांच्या संसारात श्रावणात तिनं माशाला बोट लावलेलं मी पाहिलं नव्हतं.

"अगं, मी बघतो की कापून," मी म्हटलं.

"तुम्हाला गाबोळी आणि आतडं यातला फरक कळतो का?"

कळत नव्हता.

शेजारच्या मैमुनाबींच्या स्वयंपाकघरात तिनं बारा बांगडे साफ केले. मैमुनाबी पट्टी धरून उभ्या होत्या. "पाप लगा तो आधा मेरे नाम," त्या म्हणाल्या आणि मासे त्यांनीच ठेवून घेतले. पाच बांगड्यांत गाबोळी निघाली. मासे कुठेही गेले नव्हते.

पुढचे सगळे शुक्रवार तिनं हेच केलं. रिपोर्ट छापून आला, त्यात ऑगस्टचा रकाना भरलेला होता आणि खाली तिचं नाव, पुढे 'गृहिणी'. कारखान्यात मी तो इतक्या जणांना दाखवला की लोक मला टाळायला लागले. पण माझी मान खरी ताठ झाली ती त्या पहिल्या शुक्रवारीच.

मैमुनाबींकडून येऊन तिनं डोक्यावरून अंघोळ केली आणि जिवतीच्या पूजेला बसली. लांब असलेल्या लेकरांसाठी आईनं त्यांच्या दिशेला अक्षता टाकायच्या असतात. अथर्व पुण्याला शिकत होता, त्याच्यासाठी तिनं टाकल्या. मग खिडकी उघडून खाडीच्या बाजूला आणखी एक चिमूट टाकली.

"त्या कुणासाठी?" मी विचारलं.

"आज पाच जणींची पोटं फाडली मी," ती म्हणाली. "ज्या राहिल्यात, त्यांच्या पोरांसाठी."