नळीत अडकलेला नमदा

मित्रांनो, मी एक जुनी दुनळी बंदूक आहे. उजवी नळी फाटलेली, दस्ता तडकलेला. औरंगाबादच्या एका पोलीस ठाण्यात गळ्यात चिठ्ठी बांधून मला उभं केलं आहे. माझी कीव करू नका. मला पडेगावच्या नानासाहेबांचा राग आहे, तेवढा ऐका.

नानासाहेबांच्या आजोबांनी मला पिकातली रानडुकरं हाकायला घेतलं. माझ्या नळ्या पातळ. बाजारातलं नवं, जोरकस काडतूस मला सोसायचं नाही. म्हणून औरंगपुऱ्यातला नूरमोहम्मद माझ्यासाठी हातानं काडतुसं भरायचा. वापरलेल्या कागदी नळकांड्यात ठिणगी पाडणारी नवी टोपी, मोजून थोडी दारू, तिच्यावर नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, जाड, मऊ चकती आणि मग छर्रे. चकती सैल वाटली तर सरळ फेकून द्यायचा. माझी एवढी काळजी दुसऱ्या कुणी घेतली नाही.

दर वेळी तो बजावायचा, “नानासाहेब, कागदाचं काडतूस हाय, पानी लगने नक्को देव. आवाज फुसका आला तर दुसरं भरायच्या आधी नळीत बघा.”

नानासाहेब “हां, हां” म्हणायचे. दुसऱ्याचं ऐकणं त्यांच्या रक्तातच नव्हतं.

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतरचं पाचवं वर्ष. खंडेनवमीला त्यांच्या पत्नीने, आशाबाईंनी, माझी पूजा केली. काडतुसंही शस्त्रच म्हणून त्यांनी ती माझ्याशेजारी पाटावर मांडली आणि त्यांच्यावरही कलशातलं पाणी शिंपडलं. दसऱ्यापर्यंत ती ओल्या पाटावरच पडून राहिली. मी पाहत होते, पण मला बोलता कुठं येतं!

सोनं लुटून आल्यावर नानासाहेबांनी पाहुण्यांसमोर बार काढला. फुस्स! दारू सर्दली होती. नमद्याची चकती नळीतच अडकली. पाहुणे हसले. नानासाहेबांचं डोकं फिरलं. आत न बघताच त्यांनी त्याच नळीत दुसरं काडतूस कोंबलं. ते नेमकं कोरडं निघालं. मी फुटले, आणि त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली.

“मियानं डाव साधला,” ते ठाण्यात म्हणाले. त्या दिवसांत असलं बोलणं लोकांना लगेच पटायचं. नूरमोहम्मदला धरून आणलं. काडतुसं भरण्याचा त्याचा परवाना तर जाणारच होता, वर तुरुंगही दिसत होता.

तेव्हा आशाबाई फौजदारांसमोर आल्या. “पानी म्या शिंपडलं, साहेब. भाईंनी पानी लावू नका म्हनून सांगितलं व्हतं, पन ह्यांनी मला कळवलं नाय. नळीत बी बघितलं नाय.”

“गप बस!” नानासाहेब ओरडले.

“आधी त्यांची माफी मागा, मंग बसते गप.”

नानासाहेब पाठ फिरवून दाराकडे निघाले. फौजदारांनी नूरमोहम्मदला सोडलं. तो उठला आणि म्हणाला, “बाई, घरकू जाव. उनकी माफी मेरेकू नक्को.”

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानंतर त्याने कुणासाठीच काडतूस भरलं नाही, असं शिपाई बोलतात. मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेल लावा, त्यांना कोरडं ठेवा. पण त्या जपणाऱ्या माणसाला आधी जपा. माझा माणूस निर्दोष सुटला, आणि तरीही आम्ही त्याला गमावलं.