कोरा रकाना

राळेगाव रस्त्यावरच्या कापूस संशोधन संस्थेत उज्ज्वला राठोडच्या खोलीवर 'जैवमाहिती मदत कक्ष' अशी पाटी होती. शास्त्रज्ञ मंडळी मात्र तिला 'कम्प्युटरवाल्या बाईची खोली' म्हणत आणि पंक्चर काढायला सायकल टाकावी तसं काम टाकून जात. पानांतला डीएनए वाचून आलेल्या आकड्यांचे डोंगर, मागणारे सतरा आणि निस्तरणारी माणसं दोन: उज्ज्वला आणि तिचा सहकारी रजत. "पाचच मिनिटांचं आहे," असं सांगून आलेलं काम पाच दिवसांच्या आत सुटल्याचं तिला आठवत नव्हतं.

म्हणून तिने एक अर्ज छापून घेतला होता. नमुने कोणी घेतले, कधी घेतले, कोणत्या क्रमाने घेतले. एक जरी रकाना कोरा असला तरी अर्ज परत. संचालकांचाही एकदा परत गेला होता आणि ती हकीकत ती पाहुण्यांना चवीने सांगायची.

तीन आठवड्यांपूर्वी कक्षाने दिपालीच्या कामाचा निकाल लावला होता. दिपाली मुकुटबनची, पीएच.डी.चं तिसरं वर्ष. तुडतुड्यांना दाद न देणारी कपाशी डीएनएवरूनच ओळखता यावी, अशी खूण ती शोधत होती. बारा ओळी, चारशे ऐंशी झाडं, आणि प्रत्येक झाडाची नोंद तिने उन्हातान्हात स्वतः घेतलेली. उज्ज्वलाने अहवालात लिहिलं, खूण सापडत नाही. मार्गदर्शक म्हणाले, नोंदीच कच्च्या असतील, विषय सोड. सोमवारी दिपाली तसा अर्ज देणार होती.

आज शुक्रवार. रजतने एक नवी तपासणी बनवली होती आणि ती नीट चालते का हे बघायला तो ती जुन्या फायलींवर फिरवत होता.

"मॅडम, हे पाहा ना," तो म्हणाला. "दिपालीच्या वावरात दर ओळीचं पहिलं झाड देशी कपाशीचं हाये, ओळखीसाठी लावलेलं. पहिल्या ओळीत ते पहिलंच येते. दुसऱ्या ओळीत शेवटी निघून राह्यलं. तिसरीत परत पहिलं, चौथीत शेवटी."

उज्ज्वलाने त्या कामाचा छापील अर्ज काढला. 'कोणत्या क्रमाने' या रकान्यात तिचंच अक्षर होतं: 'प्रत्येक ओळ पूर्वेकडून'. त्या दिवशी कामाचा ढीग होता, रकाना कोरा होता आणि पानं तोडली तेव्हा आपण तापाने पडून होतो असं दिपालीने सांगितलं होतं. असेच घेतले असतील, दुसरे कसे घेणार, असं म्हणून उज्ज्वलाने तो स्वतः भरून टाकला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

पानं तोडली होती विमलताईंनी. त्या वीस वर्षांपासून संस्थेच्या शेतावर रोजाने येत. उज्ज्वला तडक वावरात गेली तेव्हा त्या हरभरा निंदत होत्या.

"विमलताई, दिपालीच्या कपाशीची पानं तोडली तेव्हा दुसरी ओळ कुठून धरली?"

"कुठून म्हंजे? जिथं पहिली सरली तिथूनच," विमलताई म्हणाल्या. "एक पात जाताना, एक येताना. रिकाम्या हातानं मांगं कोन येते, मॅडम? पुड्यांवर नंबर पहिलेच टाकले होते. मी एकामांगं एक भरत गेली."

"मग मले सांगितलं काहून नाही?"

"तुमी इचारलं कधी?"

बोलण्यात तिरकसपणा नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. उमरखेडकडच्या तांड्यावर उज्ज्वला बारावीपर्यंत आईसोबत निंदणाला गेली होती. एक पात संपल्यावर पुन्हा पहिल्या टोकापर्यंत रिकामं चालत येऊन नवी पात धरणारी बाई तिने जन्मात पाहिली नव्हती. कम्प्युटरपुढे बसल्यावर मात्र तिला वाटलं, माणसं कागदावरच्या ओळींसारखी चालतात. तिला स्वतःचीच लाज वाटली.

एकाआड एक ओळ उलटी, म्हणजे निम्म्या झाडांची पानं भलत्याच झाडांच्या नोंदींना जोडली गेली होती. रजतने सहा ओळी उलटवल्या आणि आकडे पुन्हा चालवले. चारच्या सुमारास खूण दिसली, अगदी वादाला जागा राहू नये इतकी स्वच्छ.

"'तांत्रिक कारणामुळे सुधारित अहवाल' असं लिहू का?" रजतने विचारलं.

"नको. लिही, क्रमाचा रकाना कक्षप्रमुखांनी कुणाला न विचारता भरला. खाली माझं नाव टाक."

दिपालीला बोलावलं. तिने अहवाल दोनदा वाचला. ती रागावेल किंवा आनंदाने उडी मारेल, दोन्हींची उज्ज्वलाने तयारी ठेवली होती. दिपाली नुसती खुर्चीत बसली.

"मॅडम, बाबा गावभर सांगत होते का पोरगी कपाशीची डाक्टर होऊन राह्यली. मीच त्याइले सांगितलं, माह्या नोंदी चुकल्या म्हणून. तवापासून ते माह्याशी कपाशीबद्दल बोलतच नाहीत."

अहवाल ईमेलने सगळ्यांना जाणारच होता. तेवढ्यावर भागलं असतं, आणि क्षणभर उज्ज्वलाला तेवढ्यावर भागवावंसंही वाटलं.

"लाव फोन," ती म्हणाली. "मी सांगते."

दिपालीचे वडील भगवानराव मुकुटबनला आपल्या वावरात होते. उज्ज्वलाने आपलं नाव सांगितलं, काम सांगितलं आणि मग सगळंच सांगितलं: कोरा रकाना, आपलं अक्षर, विमलताईंची पात. भगवानरावांनी विचारलं:

"म्हंजे पोरीनं बरोबर लिहून ठेवलं होतं?"

"एकूण एक झाड बरोबर."

"अन् मी तिले म्हणलो, वावर वळखनं तुह्यानं होत नाही, घरी ये."

"ते माह्यामुळंच झालं, भगवानराव. चूक माही होती."

"नाही, मॅडम," भगवानराव म्हणाले. "तुमची चूक तुमी सांगितली. हे माह्या तोंडून निघालं, हे तुमी नोका घेऊ आंगावर. द्या तिले फोन."