तिसरी रेघ

...तिसरी रेघ डावीकडे कलंडलेली. खोडेलीव्हनं ते चॉकलेट चिमटीत धरून खिडकीपाशी नेलं. कलंडलेलीच. चॉकलेटमध्ये बुडवलेला तुकडा काट्यावर उचलायचा, खाली ठेवायचा आणि काटा वर टेकवून अलगद सोडवायचा — वर उमटलेल्या तीन रेघा म्हणजे आत हेझलनट, नागमोड म्हणजे कॉफी — ही आईची रीत. बर्फावर घसरून मनगट मोडलं त्या हिवाळ्यापासून खोडेलीव्हची तिसरी रेघ ढळायला लागली, आणि तेव्हापासून ती वाकडी चॉकलेटं पेटीत तळाशी घालायची, सरळ वर. हे कुणाला म्हणून कळू दिलं नव्हतं.

आणि हे चॉकलेट तिच्या हातचं नव्हतंच. मागच्या खोलीत तिच्या भाच्याचं, वानेसचं यंत्र सकाळपासून घुंई करत चॉकलेटच्या धाग्यावर धागा चढवत असली चॉकलेटं घडवत होतं.

"मावशी, दोन वर्षांपूर्वी तुझ्या चॉकलेटांचे फोटो काढले होते ना, त्यावरूनच शिकवलंय त्याला. तुझाच हात आहे हा!"

"माझा हात इथं आहे. मनगटाला लटकलेला."

"अगं, सरळ रेघ काढली की लोक म्हणतात, यंत्राचं. ती वाकडी रेघच तर खपते! आणि आत बघ, जाळी आहे. दाताखाली चारदा मोडतं. तुझं एकदाच." तो हसला. "पेट्या आज छापायला जातायत. 'खोडेलीव्हच्या हातचं' असं लिहू ना?"

मेल्या, माझं व्यंग विकतोस! बहिणीचा मुलगा म्हणून दुकानात घेतलं, काटा धरायला शिकवलं... आणि जे मी इतकी वर्षं झाकलं तेच यानं उचलून वर्खासारखं मिरवावं? नाही लिहायचं. खोटं आहे ते. जीव गेला तरी नाही.

पुढं दुकानाच्या दाराची घंटी वाजली. रूलांट्सबाई, तीस वर्षांच्या शनिवारच्या गिऱ्हाईक. वानेसनं पुढं केलेल्या ताटलीतलं यंत्राचं एक त्यांनी उचललं, चष्मा वर करून पाहिलं.

"आज हात बरा दिसतोय गं, खोडेलीव्ह. मध्यंतरी फार थरथरत होता बाई."

म्हणजे कळत होतं! यांनाही... सगळ्यांनाच? ती तशीच आत गेली, संगमरवराच्या ओट्यावर एक हेझलनट बुडवलं, काटा टेकवला, सोडवला. यंत्राचं शेजारी ठेवलं. तिची तिसरी रेघ सरकत दुसरीत मिसळली होती. यंत्राची नुसती कललेली — दोन वर्षांपूर्वीचा तिचा हात, तिच्या आजच्या हाताहून धड. राग तसाच उकळत होता, पण आता तो वानेसवर बसेना, यंत्रावरही बसेना.

"मावशी, छापखानेवाला थांबलाय. काय लिहू?"

समोरची रिकामी पेटी भरायला तिनं हात घातला, आणि रोजच्या सवयीनं वाईट ते तळाशी गेलं — तिचं स्वतःचं. यंत्राचं वर बसलं. झाकण हातात धरून ती बघत राहिली.