सुलाबाईनं नाव घेतलं

मखमलाबादच्या शिवारात सहादूचं घर दोन तऱ्हेचं होतं. मागची खोली जुनी, जाड मातीच्या भिंतींची, वर कौलं. पुढची खोली त्याच्या लेकानं, रवीनं, कारखान्यात नोकरी लागल्यावर बांधलेली. विटांच्या भिंती आणि वर पत्रा. नव्या खोलीत टीव्ही होता, पंखा होता, लोखंडी पलंग होता. तरी उन्हाळ्यात आलेला पाहुणा टीव्हीकडं न बघता मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहायचा आणि म्हणायचा, "हितं काय गारेगार हाय हो!" त्याला आत बसू देत. आडवं होऊ मात्र देत नसत.

ती फुलांची खोली होती. मोगरा, झेंडू, जे काय शेतात तोडलं जाई ते या खोलीत ओल्या गोणपाटावर पसरायचं, वर दुसरं ओलं गोणपाट टाकायचं आणि टेम्पो येईपर्यंत पाणी शिंपडत राहायचं. सहादूची बायको सुलाबाई हिनं या घरात आल्यापासून नेम घालून दिला होता. फुलं देवाच्या गळ्यात जातात, नाहीतर नवरानवरीच्या. त्यांच्या शेजारी कुणी लोळायचं नाही. एकदा रात्रपाळी करून आलेला रवी गारव्याला भुलून तिथंच कलंडला, तर तिनं त्याला दोन्ही पाय धरून उंबऱ्याबाहेर ओढलं होतं.

सहादूचं काम शिंपडायचं. ढिगाच्या पोटात मनगटापर्यंत हात घालून तो बघायचा. वरून ताजी दिसणारी फुलं आतून तापतात, आणि एकदा तापली की संध्याकाळपर्यंत काळी पडतात. हे त्याला डोळ्यांपेक्षा हाताला आधी कळायचं.

त्या वर्षी वैशाखातली आखाजी होऊन गेली आणि ऊन नुसतं पेटलं. डांबरावर चपला चिकटायला लागल्या. विहिरीतले पारवे चोची वासून कपारीत बसून राहायचे. त्यात लोडशेडिंग; भर दुपारी वीज जायची आणि पत्र्याखालचा पंखा मान टाकायचा.

सुलाबाईला दोन दिवस जुलाब होत होते, अंगात कणकण होती. पण दुसऱ्या दिवशी आडगावला मोठं लग्न होतं, हार आणि मुंडावळ्या यांच्याकडून जायच्या होत्या. ती सकाळी टोपली घेऊन निघाली तेव्हा सून छाया आडवी आली.

"आत्याबाई, आज राहू द्या. मी अन् मामा तोडतो."

"तू तोडशील गं. पन कळी कोनती अन् फूल कोनतं, ते झाडालाच इचारत बसशील."

आणि गेली. ऊन माथ्यावर येईपर्यंत वाफ्यातच होती. परत आली ती उंबऱ्यात टेकलीच. छायानं कैरीचं पन्हं दिलं, ते तिनं ओकून टाकलं. तळपायाला कांदा चोळला. सुलाबाईच्या अंगावर काटा आला होता, दात वाजत होते.

"मागं चला ना, तिथं गार हाय," छाया म्हणाली.

"मला थंडी वाजू ऱ्हायली अन् तू मला गारव्यात नेती? गोधडी आन. अन् फुलांत आजारी मानूस घालती का? येडी का खुळी!"

सहादूलाही ते पटलं. तापाच्या माणसाला ओल बाधते, हे त्यानं लहानपणापासून ऐकलेलं. "पांघरून घाल दोन," तो म्हणाला. "घाम आला की ताप उतरंल."

तेव्हा सुलाबाई पत्र्याखाली पलंगावर दोन गोधड्या घेऊन निजली आणि बाकीचं घर मागच्या गारव्यात कामाला बसलं. छाया हार ओवायला लागली. सहा-सात वर्षांची नात साक्षी तिला एकेक कळी देत होती. सहादू अंगणातल्या टाकीतून बादली भरून आणायचा, पुढच्या खोलीतून मागं जायचा, शिंपडायचा, रिकामी बादली घेऊन परत यायचा. जाता-येता पलंगाकडं बघून विचारायचा, "कसं वाटतं?"

"हूं," सुलाबाई म्हणायची.

मग एका फेरीला ती "हूं" म्हणाली नाही. झोप लागली असेल, बरं झालं, असं म्हणत तो पाऊल न वाजवता पुढं गेला.

तो ढिगावर पाणी मारत होता तेवढ्यात पुढच्या खोलीतून हाक आली.

"सहादू!"

त्यानं मान वळवली. कुणी आलं वाटतं. पण अंगणाच्या दारात कुणी नव्हतं.

"ए सहादू, पाट फुटला बघ. पानी वाया चाललं."

आवाज सुलाबाईचा होता.

मागच्या खोलीत साक्षी टुणकन उठली. "आई! आजीनं आजोबांचं नाव घेतलं!"

छायानं हसू दाबायला तोंडाला पदर लावला, पण ते पदराबाहेर आलंच. "आत्याबाई, नुसतं नाव नाय चालायचं! उखाना घ्या, उखाना!"

हसण्यासारखंच होतं ते. या घरात सुलाबाईनं नवऱ्याचं नाव घेतलेलं कुणी ऐकलं नव्हतं. लग्नात बायकांनी दार अडवलं तेव्हा ती इतकं हळू पुटपुटली होती, की नाव तिच्या तिलाच ऐकू आलं असेल. रेशनच्या दुकानात नाव विचारलं की ती रवीला पुढं करायची. रवी मोठा झाल्यावर साक्षीला. कुणी नवखा दारात येऊन "सहादू आहेत का?" म्हणाला, तर "हायेत" एवढंच.

सहादूच्या कानाच्या पाळ्या तापल्या. म्हातारपणी लाजायचं तरी किती, म्हणून तो हसला. खोटं कशाला बोला, त्याला ते बरंही वाटलं होतं. "धीट झाली गं तुझी सासू," तो सुनेला म्हणाला आणि पुन्हा शिंपडायला वाकला. गोणपाट उचलून त्यानं ढिगात हात घातला. मधोमध ऊब लागत होती. "तापाया लागला," तो स्वतःशीच म्हणाला आणि फुलं हलक्या हातानं पसरायला लागला.

"सहादू... सहादू... सहादू..."

या वेळी साक्षीही हसली नाही. ती हाक नव्हतीच. ना त्यात राग, ना थट्टा. ओळख नसलेल्या माणसाचं नाव कुणी पाटीवर वाचत जावं, तसा तो आवाज होता.

सहादूचा हात ढिगातच राहिला. गळ्यावर सुरी ठेवली असती तरी सुलाबाईनं हे नाव घेतलं नसतं. मग आत्ता हे घेतंय कोण?

तो उठला तेव्हा बादली लवंडली, पाणी उंबऱ्यावरून वाहत गेलं, त्याला भान नव्हतं. पलंगाशी जाऊन त्यानं गोधडीखाली हात घातला, जसा ढिगात घालायचा तसाच, मनगटापर्यंत. मानेला, पाठीला, काखेला. कुठंही घामाचा थेंब नव्हता. कोरडं ठणठणीत अंग, आणि आत असा जाळ की त्यानं हात झटकन मागं घेतला. सुलाबाईचे डोळे अर्धवट उघडे होते. ती त्याच्याकडं बघत होती, पण तिची नजर त्याच्यातून आरपार पाठीमागच्या भिंतीवर जात होती.

ती निजल्यापासून सहादूनं ज्या बादल्या नेल्या त्या सगळ्या या पलंगाला वळसा घालून नेल्या होत्या. एक ओंजळ इकडं पडली नव्हती. मेलेल्या कळ्या जपायला सगळं घर गारव्यात बसलं होतं, आणि जिवंत माणूस पत्र्याखाली दोन गोधड्यांत घालून वर हसले होते.

"छाया!" तो ओरडला तेव्हा आवाज फाटला. "ढीग लोट!"

"मामा, उद्याचे हार..."

"लोट म्हनतो ना!"

त्यानं गोधड्या फेकल्या आणि सुलाबाईला उचललं. या वयात आपल्याच्यानं हे होईल असं त्याला वाटलं नसतं, पण झालं. छायानं दोन्ही हातांनी फुलं भिंतीकडं लोटली, ओवलेले हार अंगणात फेकले. ज्या खोलीत कुणी लवंडायचं नाही असा नेम होता, त्या खोलीत नेम घालणारीलाच त्यानं ओल्या गोणपाटावर निजवलं.

मग त्यानं सवयीनं बोटांनी शिंपडायला सुरुवात केली. बारीक तुषार, फुलांवर उडवतात तसे. छायानं त्याच्या हातातून तांब्या हिसकावला. "मामा, फुलं नाय ती! ओता!" तिनं डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओतलं. सहादूनं डोक्याचा पटका सोडला, भिजवला, तिच्या गळ्याभोवती आणि काखेत घातला. छाया सूप घेऊन वारा घालायला लागली. राहिलेल्या कळ्या पाण्याबरोबर येऊन सुलाबाईच्या लुगड्याला, केसांना चिकटल्या.

साक्षी कोपऱ्यात उभी होती, दोन्ही तळवे तोंडावर. "आजोबा," ती म्हणाली, "मी हसले म्हनून झालं का?"

एवढ्या घाईतही सहादूनं तिच्याकडं वळून बघितलं. "नाय बाई. हसलो तर समदेच हसलो. तू पळ, अक्काबाईंना हाक मार. माठ घेऊन या म्हनावं."

शेजारच्या अक्काबाई माठ घेऊन आल्या आणि पाठोपाठ पुंजाचा टेम्पो अंगणात शिरला. पुंजा रोज याच वेळी फुलं न्यायला यायचा. "चला सहादूनाना, काढा माल!" असं ओरडतच तो उतरला आणि उन्हात पडलेले हार बघून थबकला. "आरं देवा, हे काय क..." दारातून आत नजर गेली आणि त्याचं वाक्य तिथंच राहिलं.

"माल नाय आज," सहादू म्हणाला. "ही हाय."

पुंजानं पुढं काही विचारलं नाही. ज्या फळीवर फुलांचे करंडे ठेवायचे तिथं ओली गोणपाटं अंथरली, सुलाबाईला वर घेतलं. साक्षीला अक्काबाईंजवळ ठेवून छाया आणि सहादू मागं चढले. पंचवटीच्या रस्त्याला गरम वारं तोंडावर भट्टीसारखं येत होतं. छाया माठातून पाणी ओतत होती.

सुलाबाई आता काहीच बोलत नव्हती.

मघाशी ज्या नावानं सहादूच्या काळजाचं पाणी झालं होतं, तेच ऐकायला त्याचा जीव कासावीस झाला. तो तिच्या कानाशी वाकला. "घे ना. घे एकदा. सहादू म्हन. पाट फुटला म्हन." टेम्पो खड्ड्यात आदळला, तिची मान एका अंगाला गेली. सहादूनं ती दोन्ही हातांत धरली आणि दवाखाना येईपर्यंत सोडली नाही.

दवाखान्यात सुलाबाईला आत घेतलं. बर्फ आला, सलाइन लागलं. तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावरही घाम होता. "उष्माघात आहे," त्या म्हणाल्या. "पांघरूण किती वेळ होतं अंगावर?"

सहादू खाली बघत होता. "थंडी वाजत होती तिला."

"वाजते. अंगातलं पाणी संपलं की घाम यायचा बंद होतो. अंग आतून तापतं आणि कधी कधी वरून काटा येतो. त्यानं माणूस फसतो. पाणी ओतत आणलंत ते चांगलं केलंत. पण अजून काही सांगता यायचं नाही. शुद्धीवर येऊ दे. बोलली, ओळखलं, तर मग बघू."

सहादू बाकावर बसला. ओळखलं तर. हातातल्या ओल्या पटक्यातलं पाणी फरशीवर टपटपत होतं. निरोप मिळताच कारखान्यातून परस्पर आलेला रवी शेजारी बसला, काहीतरी विचारत राहिला. सहादूला त्याचं तोंड हलताना दिसत होतं. कानात मात्र तो एकच सपाट आवाज होता, आपलंच नाव घेणारा.

उन्हं कलली तेव्हा आतून बोलावलं.

सुलाबाईनं डोळे उघडले होते. ओठ फुटले होते, चेहरा चिपाडासारखा झाला होता. डॉक्टरीणबाई तिच्यावर वाकल्या. "आजी, तुमचं नाव काय?"

"सुलाबाई."

"कुठं आहात तुम्ही?"

तिनं सलाइनच्या बाटलीकडं बघितलं. "दवाखाना दिसतो."

"शाब्बास. आणि हे कोण?" त्यांनी सहादूला पुढं ओढलं.

सुलाबाई बघत राहिली. बराच वेळ बघत राहिली. ओठ हलले आणि मिटले.

"नाव सांगा यांचं. आठवतंय का? सावकाश सांगा."

रवीनं आईचा पाय धरला. "आई, सांग ना. बाबांचं नाव सांग."

डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. त्या नर्सकडं वळून हळूच म्हणाल्या, "अजून नीट ओळख पटत नाहीये."

तेवढ्यात सुलाबाईचा मोकळा हात चादरीवरून सरकायला लागला. खांद्याशी गेला, चाचपडला. पदर सापडला. तो तिनं ओढून कसाबसा डोक्यावर घेतला, तोंड भिंतीकडं वळवलं आणि त्या फुटक्या ओठांनी म्हणाली, "रवीचे वडील हायेत ते."

सहादू पलंगाच्या लोखंडी पट्टीला धरून खाली फरशीवरच बसला.

"आजोबा! काय झालं?" डॉक्टरीणबाई घाबरल्या.

"काय नाय," तो म्हणाला. "नाय घेतलं तिनं. आली ती." आणि मोठ्यानं रडायला लागला. म्हातारी नर्स मात्र डॉक्टरीणबाईंच्या कानाशी लागून काहीतरी बोलली, तेव्हा कुठं त्यांच्या कपाळाची आठी गेली.

थोड्या वेळानं बाकीचे बाहेर गेले. सुलाबाईनं मानेखाली बोट घातलं आणि चिकटलेली एक कळी काढली. तपकिरी पडलेली, मोगऱ्याची. ती तिनं उजेडात धरून बघितली.

"मला फुलांत निजवलं व्हय?"

"हां."

"देवाची फुलं ती. आडगावचे हार?"

"नाय गेले."

तिनं डोळे मिटून घेतले. रागावली होती की दमली होती, कळलं नाही. सहादू उठला आणि सवयीनं तिच्या केसांखाली, मानेच्या खोबणीत हात घातला. दुपारपासून तो हात त्याला आपला वाटत नव्हता.

तळव्याला ओल लागली. पाण्याची नव्हती, चिकट होती. घाम होता तो.

सहादूनं हात काढलाच नाही.